अडीच फुटांचा वारसा

संगमनेरला रेल्वे नाही. पूर्वेकडून दौंड–मनमाड मार्ग १८७८ पासून जातो. बेलापूर, पुणतांबा, कोपरगाव ही त्यावरची स्थानके. उत्तरेला नाशिक रोड, दक्षिणेला पुणे. या मधल्या पट्ट्यातली संगमनेर, अकोले, नारायणगाव, जुन्नर ही बाजारपेठेची गावे आधी बैलगाडीवर आणि मग एसटी-ट्रकवर चालत आली. कांदा, टोमॅटो, दूध, साखर, विडी असा भरघोस माल पिकवणारा आणि बनवणारा हा संगमनेर तालुका, पण मालगाडीचा डबा इथल्या बाजाराला कधी लागला नाही.

गेल्या काही वर्षांत पुणे–नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेची चर्चा इथल्या घराघरांत पोचली. चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर, सिन्नर असा २३५ किलोमीटरचा मार्ग आखला गेला, तालुक्यात जमिनींची मोजणी झाली, काहींचे खरेदीखतही झाले. मग खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या कामात गाडीमुळे अडथळा येईल हा मुद्दा आला आणि मार्ग अहिल्यानगर-शिर्डीकडून वळवण्याची घोषणा झाली. तेव्हापासून संगमनेर, अकोले, जुन्नर या तालुक्यांत निवेदने, मोर्चे, बैठका सुरू आहेत. मूळ मार्गच हवा, ही मागणी सगळ्या पक्षांच्या तोंडी आहे.

अशा गावात बसून नॅरोगेज रेल्वेच्या वारशावर का लिहायचे? कारण नॅरोगेज जन्माला आली ती संगमनेरसारख्या गावांसाठी. मोठी लाईन ज्यांना वळसा घालून गेली, ज्यांचा माल वीस-पंचवीस मैल बैलगाडीने स्थानकावर न्यावा लागे, अशा पेठांसाठी हा स्वस्त फाटा काढला गेला. बार्शी, यवतमाळ, अचलपूर, आर्वी, जामनेर, बारामती या गावांना तो मिळाला. संगमनेरला नाही. म्हणून या छोट्या गाडीने एखाद्या गावाला काय दिले आणि ती गेल्यावर काय जाते, हे आम्हाला जरा जास्तच जाणवते. माझ्या ओळखीतले इथले काही तरुण सुट्टी मिळाली की नेरळ, वघई, नागपूर गाठतात, जुन्या इंजिनांचे क्रमांक वहीत उतरवतात, बंद स्थानकांचे फोटो काढून आणतात. त्यांच्यामुळेच मीही या वाटेला लागलो.

पाच टनांचे गणित

आपल्याकडच्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट. नॅरोगेजमध्ये ते ७६२ मिलिमीटर म्हणजे अडीच फूट, तर माथेरान-दार्जिलिंगला ६१० म्हणजे दोनच फूट. अंतर कमी झाले की भराव अरुंद होतो, पूल हलके होतात, वळण आखूड घेता येते, जमीन कमी लागते. खर्च कितीतरी पटींनी उतरतो. पण अरुंद गाडी ही खेळण्यातली गाडी, तिच्यावर जड माल कसा जाणार, अशी शंका एकोणिसाव्या शतकातल्या इंजिनिअरांनाही होती.

ती शंका खोडून काढणारा माणूस आपल्याच मुलखात वावरला. एव्हरार्ड काल्थ्रॉप हा इंग्रज इंजिनिअर १८८२ मध्ये जीआयपी रेल्वेत लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून आला. नाशिक रोड स्थानक ते नाशिक गाव यांच्यामध्ये १८८९ च्या सुमारास जी घोड्यांची ट्राम सुरू झाली, तिच्याशी त्याचा संबंध होता. गोदावरीवर येणारा यात्रेकरू स्थानकावर उतरे आणि पुढचे आठ-दहा किलोमीटर ही अडीच फुटी ट्राम त्याला गावात नेई. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली. संगमनेरला सर्वांत जवळची नॅरोगेज प्रवासी गाडी हीच म्हणावी लागेल. आज नाशिकच्या मेन रोडवरून चालणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तिची आठवण आहे.

काल्थ्रॉपचे खरे काम बार्शीला झाले. मुंबई–सोलापूर मार्गावरचे बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, हे स्थानक बार्शीपासून वीस मैलांहून जास्त लांब होते. बार्शी ही मोठी पेठ, आणि तिथला माल या अंतरावर बैलगाड्यांच्या रांगांनी जाई. काल्थ्रॉपने असे ठरवले, की इंजिन असो, मालाचा डबा असो वा प्रवाशांचा, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही. मग एका यार्डाला तीस पौंड वजनाचा हलका रूळही पुरतो. त्यासाठी लीड्सच्या किटसन कारखान्याने जे इंजिन बनवले त्याला जोडलेली आठ चाके आणि मागे आणखी चार. सुमारे तीस टनांचे इंजिन सहा आसांवर सारखे वाटले गेले. इंजिन आणि डबे इंग्लंडमध्येच तात्पुरत्या रुळांवर चालवून दाखवले गेले, नंतर ते बोटीने आले, आणि मार्च १८९७ मध्ये बार्शी लाईट रेल्वे सुरू झाली.

हा प्रयोग इतका यशस्वी झाला की रूळ वाढतच गेले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. एकूण ३२५ किलोमीटर. आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांनी टपापर्यंत भरलेली गाडी, एरवी शेंगा, ज्वारी, कापूस, गूळ. मराठवाडा आणि दक्षिण महाराष्ट्र यांच्यामध्ये हीच दोरी होती. लातूरची पेठ वाढली त्यात या गाडीचा मोठा वाटा आहे. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने कंपनी विकत घेतली.

काल्थ्रॉपने हेच तंत्र पुढे इंग्लंडला नेले. स्टॅफर्डशर परगण्यातली लीक अँड मॅनिफोल्ड लाईट रेल्वे १९०४ मध्ये सुरू झाली, ती बार्शीच्या अनुभवावर. तिच्या दोन इंजिनांपैकी एकाला काल्थ्रॉपचेच नाव होते. ती गाडी तीस वर्षांत, १९३४ मध्ये, बंद पडली आणि तिच्या मार्गाची पायवाट झाली. तिची थोरली बहीण, बार्शीची गाडी, मात्र शंभरी ओलांडून धावत राहिली. विलायतेतून तंत्र आले आणि इथे रुजले, असे आपण नेहमी ऐकतो. इथे बार्शीत सिद्ध झालेले तंत्र विलायतेला गेले. सोलापूर जिल्ह्यातल्या शाळेच्या पुस्तकात हे असायला हवे.

घाटातली राणी

आदमजी पीरभॉय या मुंबईच्या व्यापाऱ्याने सुमारे सोळा लाख रुपये घालून नेरळ–माथेरान रेल्वे उभी केली. काम १९०४ ला सुरू झाले आणि १९०७ मध्ये गाडी डोंगरावर पोचली. त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन याने मार्ग आखला. सल्लागार म्हणून काल्थ्रॉपचे नाव इथेही येते. वीस-एकवीस किलोमीटरच्या या मार्गावर चढ जागोजागी विसाला एक आहे, म्हणजे वीस फूट पुढे गेले की एक फूट वर. नेरळ, जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज, माथेरान अशी स्थानके.

नेरळच्या फलाटावर उभे राहून या गाडीची चाके नीट पाहावीत. घाटातली वळणे एवढी आखूड, की नेहमीच्या इंजिनाची ताठ चाके तिथे रुळाला घासून अडकली असती. म्हणून जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीने या मार्गासाठी चार खास इंजिने बनवली. त्यांच्या पहिल्या आणि शेवटच्या आसाभोवती पोकळ नळी होती. चाके त्या नळीवर बसवलेली, त्यामुळे आतला आस सरळ फिरे आणि बाहेरची नळी चाकांसकट वळणाकडे थोडी झुके. ताकद सगळ्या चाकांना मिळे आणि वळणही निभे. या इंजिनांनी सत्तर-पंचाहत्तर वर्षे घाट चढला. १९५५ पासून डिझेल इंजिने आली आणि १९८० च्या दशकात वाफ थांबली.

गाडी उतरताना खरी कसोटी. हवेचे ब्रेक येईपर्यंत दर डब्याच्या टोकाला एक ब्रेकमन उभा असे. इंजिनाच्या शिटीची खूण आली की सगळ्यांनी एकाच वेळी हाताने चाक फिरवून ब्रेक आवळायचा, दुसरी खूण आली की सोडायचा. ड्रायव्हर पुढचे वळण बघतो, मागचे सगळे त्याची शिटी ऐकतात. पावसाळी धुक्यात, ओल्या रुळावर, एका बाजूला दरी असताना हे काम करणारी माणसे आणि त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेला तो कानांचा सराव हाच या रेल्वेचा अर्धा वारसा आहे. तो काचेच्या पेटीत ठेवता येत नाही.

माथेरानच्या गाडीचा अलीकडचा इतिहास म्हणजे पडणे आणि उठणे. २६ जुलै २००५ च्या पावसाने मार्ग वाहून गेला. दीड वर्षाहून जास्त काम करून शताब्दीच्या वर्षी, २००७ मध्ये, गाडी पुन्हा सुरू झाली. २०१६ मध्ये डबे घसरल्यामुळे ती बंद झाली, २०१८ मध्ये पूर्ण मार्ग खुला झाला. २०१९ च्या पावसाने पुन्हा रूळ उखडले, आणि २२ ऑक्टोबर २०२२ रोजी नेरळहून गाडी निघाली. मधल्या काळात अमन लॉज–माथेरान ही छोटी फेरी बरीच वर्षे चालू राहिली, कारण माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे. दस्तुरी नाक्यावर गाड्या थांबतात आणि तिथून माणसे नि सामान वर न्यायला ही रेल्वे उपयोगी पडते. गावाला तिची गरज आहे, म्हणून दर वेळी ती परत आणण्याचा रेटाही गावातूनच लागतो. वारसा टिकण्याचे पहिले कारण इथे दिसते. जी गाडी कुणाच्या तरी रोजच्या उपयोगाची असते, तिच्यासाठी माणसे भांडतात.

शकुंतला आणि पीजे

विदर्भातली शकुंतला अशीच रोजच्या उपयोगाची होती. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला मोठ्या लाईनवर आणून मुंबईमार्गे मँचेस्टरच्या गिरण्यांना पोचवायचा, यासाठी किलिक निक्सन कंपनीने हा मार्ग बांधून घेतला. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर, आणि त्याच कुळातली पुलगाव–आर्वी. स्वातंत्र्यानंतर बाकी रेल्वे सरकारची झाली, हिची मालकी मात्र खासगी कंपनीकडे राहिली आणि भारतीय रेल्वे ती कराराने चालवत राहिली. मालक एक, चालवणारा दुसरा. त्यामुळे रुळांवर खर्च करायला कुणीच पुढे येईना. १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत ही गाडी ओढत होते, एवढे सांगितले की पुरे.

या गाडीचा वेग सायकलीशी बरोबरी करणारा. यवतमाळहून मूर्तिजापूरला सहा-सात तास लागत. रस्त्यावरच्या फाटकाला माणूस नसे. गाडी फाटकाच्या अलीकडे थांबे, गाडीतलाच एक कर्मचारी खाली उतरून फाटक लावी, गाडी ओलांडून जाई, पुन्हा थांबे, तो फाटक उघडून धावत येऊन चढे. काही ठिकाणी गार्डच तिकीट देई. शेतमजूर, बाजाराला निघालेल्या बायका, शाळेची मुले यांना बसच्या भाड्याच्या मानाने तिचे भाडे फारच परवडे. २०१६ नंतर एकेक करून मूर्तिजापूरच्या गाड्या थांबल्या. गेज परिवर्तनाची घोषणा झाली, यवतमाळच्या बाजूला वर्धा–नांदेड या नव्या ब्रॉडगेजचे काम निघाले, अचलपूर-आर्वीकडचे रूळ गवतात गेले. शकुंतला पुन्हा सुरू करा, यासाठी तिथले लोक वर्षानुवर्षे निवेदने देत आहेत, रुळांवर बसून आंदोलने करत आहेत.

खान्देशातली पाचोरा–जामनेर गाडी लोकांच्या तोंडी नुसती ‘पीजे’. ५६ किलोमीटर, पहिल्या महायुद्धाच्या शेवटी सुरू झालेली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली ती पुन्हा निघालीच नाही. आता तिथे ब्रॉडगेज होऊन मार्ग बोदवडपर्यंत जायचा आहे. नागपूर–नागभीड नॅरोगेज २०१९ मध्ये बंद झाली, जबलपूरकडचे सातपुड्याचे जाळे त्याआधीच, २०१५ मध्ये. संगमनेरच्या विड्यांना लागणारा तेंदूपत्ता विदर्भ आणि मध्य प्रदेशातल्या जंगलांतून येतो. त्या जंगलपट्ट्यातच हे जाळे पसरलेले होते.

ब्रॉडगेजला विरोध नको

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. या गावांना मोठी रेल्वे हवी आहे आणि ती मिळायलाच हवी. वारशाच्या प्रेमापोटी कुणी त्यांना सायकलीच्या वेगाने जा असे सांगणे अन्यायाचे आहे.

एप्रिल २०१६ आठवा. लातूर शहर पाण्यावाचून तडफडत होते. मिरजेहून पाण्याची गाडी निघाली. पहिल्या फेरीत दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी, नंतर पन्नास वाघिणींच्या गाड्या. ती गाडी मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, उस्मानाबाद, लातूर अशी गेली, म्हणजे काल्थ्रॉपच्या बार्शी लाईटच्या वाटेनेच. फरक एवढाच, की तोवर ती वाट ब्रॉडगेज झाली होती. २००८-१० च्या सुमारास गेज परिवर्तन पूर्ण झाले नसते तर ते पाणी रेल्वेने पोचले नसते. वाट १८९७ ते १९२७ मध्ये पडली, म्हणून रुंद करता आली, आणि रुंद झाली म्हणून लातूरची तहान भागली. दोन्ही पिढ्यांचे ऋण सारखेच.

तेव्हा प्रश्न नॅरोगेज की ब्रॉडगेज असा मांडूच नये. मोठी गाडी येताना छोटीचा थोडा तुकडा धावता ठेवता येईल का, तिचे स्थानक, कारखाना, कागद आणि कसब सांभाळता येईल का, एवढाच प्रश्न आहे. बार्शीच्या बाबतीत आपण हे पुरेसे केले नाही. सव्वातीनशे किलोमीटरच्या मार्गावर पाच किलोमीटरही नॅरोगेज धावती राहिली नाही. कुर्डुवाडीचा रेल्वे कारखाना मात्र उरला आणि नॅरोगेजचे काम जाणणारे हातही तिथे टिकले. नागपूरच्या मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेज संग्रहालय आहे, मुलांना घेऊन जरूर जावे असे. पण चौथऱ्यावर रंगवून ठेवलेले इंजिन आणि घाटात धापा टाकत चढणारी गाडी यांतला फरक कुठल्याही मुलाला विचारा.

धावती ठेवण्याचे एक उदाहरण आपल्या शेजारीच आहे. नाशिकहून सापुताऱ्याचा घाट उतरला की डांगमधले वघई लागते. तिथून बिलिमोऱ्याला ६३ किलोमीटरची नॅरोगेज जाते. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने डांगच्या सागवानासाठी ती १९१३ च्या सुमारास बांधली. सयाजीराव मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, तेव्हा ही गाडी निम्मी आपलीच. पश्चिम रेल्वेने गुजरातेतल्या ज्या मोजक्या नॅरोगेज मार्गांना वारसा म्हणून राखायचे ठरवले त्यांत ही आहे. टाळेबंदीत ती थांबली, तोट्यातली म्हणून कायमची बंद करण्याचा आदेशही निघाला, आदिवासी पट्ट्यातल्या लोकांनी आवाज उठवला, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ती मोठ्या काचांचा एक वातानुकूलित डबा लावून पुन्हा सुरू झाली. रोजचा प्रवासी साध्या डब्यात, पर्यटक काचेच्या डब्यात. दोघांच्या पैशावर गाडी चालते. वारसा मार्गांवर हायड्रोजनवर चालणाऱ्या गाड्या आणण्याची घोषणा रेल्वेने २०२३ मध्ये केली, तेव्हा त्या यादीत माथेरानबरोबर बिलिमोरा–वघईचेही नाव होते.

वेल्सचा सहकार, प्रवरेचा सहकार

आता मला जे मुख्य सांगायचे आहे त्याकडे येतो. आपल्याकडच्या सगळ्या वारसा गाड्या रेल्वे खाते चालवते. दार्जिलिंगला १९९९ मध्ये, निलगिरीला २००५ मध्ये आणि कालका–शिमल्याला २००८ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. त्यांना तरी खात्याचा आधार आहे. पण ज्या गाड्या इतक्या नामांकित नाहीत, त्यांचा हिशेब तोट्याच्या वहीत मांडला जातो आणि तिथेच संपतो. जगात इतरत्र अशा गाड्या वाचल्या त्या लोकांनी एकत्र येऊन चालवायला घेतल्या म्हणून.

त्यातली पहिली वेल्समध्ये. टॅलिलिन ही पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी १८६५ मध्ये बांधलेली सात मैलांची छोटी रेल्वे. जुलै १९५० मध्ये तिचे मालक वारले. खाण आधीच बंद पडलेली, रूळ गवतात हरवलेले. टॉम रोल्ट या लेखकाने बर्मिंगहॅमला ऑक्टोबर १९५० मध्ये सभा बोलावली, सभासद नोंदवले, वर्गणी गोळा केली, आणि मे १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी स्वतः गाडी चालवली. लोकांनी जतन करून चालवलेली जगातली ही पहिली रेल्वे मानली जाते. कारकून, शिक्षक, गिरणीतले फिटर सुट्टीत येऊन स्लीपर बदलत, तिकिटे फाडत. आपली नातवंडे टीव्हीवर ज्या थॉमस इंजिनाच्या गोष्टी पाहतात, त्यांचे लेखक रेव्हरंड ऑड्री हेही तिथे स्वयंसेवक होते. टॅलिलिन आजही धावते आहे, आणि तिच्या पावलावर पाऊल टाकून ब्रिटनमध्ये अशा कितीतरी गाड्या उभ्या राहिल्या.

तारखा पाहा. ज्या १९५० मध्ये बर्मिंगहॅमला ती सभा भरली, त्याच वर्षी आमच्या प्रवरा नदीच्या खालच्या भागात लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी आणि धनंजयराव गाडगीळांनी शेतकऱ्यांचे भाग गोळा करून आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा केला. १९५०-५१ हा त्याचा पहिला गळीत हंगाम. तिकडे सभासदांनी रेल्वे चालवली, इकडे सभासदांनी कारखाना. तत्त्व एकच. ज्याला गरज आहे त्यानेच भाग घ्यायचा, राबायचे आणि हिशेबही मागायचा.

या जिल्ह्यात त्याआधी खासगी साखर कंपन्या होत्या. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले. आमच्या तालुक्यातल्या ओझरच्या बंधाऱ्यापासून प्रवरेचे कालवे निघाले आणि खालचा माळ उसाने हिरवा झाला. हरेगावच्या बेलापूर कंपनीच्या मळ्यांत ऊस अरुंद रुळांवरच्या गाड्यांतून कारखान्यात येई. इंदापूरकडे वालचंदनगरला, मालेगावकडे रावळगावलाही तेच. म्हणजे उसाच्या मुलखाला नॅरोगेज परकी नाही. सहकारी कारखाने आले तेव्हा बैलगाडी, ट्रॅक्टर आणि ट्रक होते, म्हणून त्यांनी रूळ घातले नाहीत.

पण त्यांनी माणसे एकत्र बांधायची विद्या दिली. संगमनेरचा साखर कारखाना, दूध संघ, गावोगावच्या सोसायट्या, पतसंस्था हे सगळे भाग, सभासद, वार्षिक सभा आणि लेखापरीक्षण या चौकटीत चालते. इथल्या शेतकऱ्याला सभासदत्व म्हणजे काय हे कुणी शिकवावे लागत नाही. नेमकी हीच विद्या शकुंतलेला किंवा पीजेला हवी आहे. इंजिनाची देखभाल आयटीआयची मुले शिकू शकतील, रूळ बसवण्याचे काम निवृत्त गँगमन दाखवू शकतील, सुरक्षेची तपासणी रेल्वेने करावी. पण दहा-पंधरा वर्षे चिकाटीने पैसा उभा करणारी, निवडणूक घेणारी, हिशेब मांडणारी संस्था लागते. ती बांधण्यात महाराष्ट्राइतका अनुभव देशात फार थोड्या राज्यांकडे आहे.

काय करता येईल

पहिले म्हणजे तुकडा निवडणे. अख्खी शकुंतला वारसा म्हणून राखणे शक्य नाही आणि इष्टही नाही. पण अचलपूरच्या टोकाला किंवा जामनेरच्या टोकाला, जिथे ब्रॉडगेज जुनी जागा सोडून जाईल तिथे, आठ-दहा किलोमीटरचा मार्ग राखता येईल. मेळघाटाचे पर्यटक अचलपूर-परतवाड्यावरून जातात, अजिंठ्याला जाणारे जामनेरजवळून. हे प्रवासी आधीच त्या रस्त्यावर आहेत.

दुसरे म्हणजे करार. जमीन आणि रूळ रेल्वेचे, चालवणारी सभासदांची संस्था, सुरक्षा आयुक्तांची मंजुरी, राज्य सरकारचे भांडवल. हे धोरणात लिहून काढावे लागेल. मालकी एकाकडे आणि जबाबदारी कुणाकडेच नाही, या दुखण्याने शकुंतला गेली. नव्या कराराने तेच दुखणे पुन्हा आणू नये.

तिसरे, कसब. कुर्डुवाडी आणि नेरळ येथे जुनी चाके, जुने ब्रेक, जुनी बॉयलरे जाणणारी माणसे निवृत्त होत आहेत. त्यांच्या हाताखाली उमेदवार ठेवा, त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करा, हस्तलिखित नोंदवह्या, पुठ्ठ्याची तिकिटे, वेळापत्रके जिल्हा ग्रंथालयांनी मागून घ्यावीत.

चौथे काम आम्हा संगमनेरकरांचे. शाळांच्या सहली शिर्डी, भंडारदरा, रतनवाडीला जातात. एखादी वघईला आणि एखादी नेरळला न्यावी. नाशिकच्या ट्रामची वाट नाशिककरांनी खुणा लावून दाखवावी, हरेगावच्या मळ्यांतल्या रुळांवर काम केलेल्या कामगारांच्या आठवणी श्रीरामपूरच्या महाविद्यालयांनी नोंदवाव्यात. आणि आमची स्वतःची रेल्वे मागताना आम्ही हा इतिहास घेऊन बोलावे. बार्शीला गाडी आली तेव्हा बार्शीपेक्षा मोठी गावे रेल्वेवाचून होती. ती आली, कारण बार्शीच्या पेठेत माल होता आणि एका माणसाने हलक्या रुळांचा हिशेब मांडून दाखवला. संगमनेरकडे माल आहे, माणसे आहेत, संस्था आहेत. मोठ्या रेल्वेचा आमचा दावा त्याच हिशेबावर उभा आहे.

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी, अहिल्यानगर ते बीड ही गाडी सुरू झाली. बीडच्या लोकांनी या दिवसासाठी कितीतरी दशके वाट पाहिली. त्या गर्दीची छायाचित्रे पाहिल्यावर रेल्वे आली की गावाला काय वाटते हे पुन्हा सांगायची गरज उरत नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बार्शीला, अचलपूरला, जामनेरलाही तसेच वाटले असेल. ज्या गाडीने त्या गावांना ते दिले तिचा एक तुकडा चालू ठेवणे हे त्या गावांचे आणि आपल्या सगळ्यांचे देणे आहे.

वेळ मात्र थोडा आहे. बंद मार्गावरचे रूळ एकदा भंगाराच्या लिलावात गेले, स्थानकाची जागा दुसऱ्या कामाला दिली गेली, की मग सहकारी संस्था काढून काय उपयोग? म्हणून पहिली सभा या दिवाळीनंतर लगेच भरली पाहिजे, अचलपूरला, जामनेरला किंवा कुर्डुवाडीला. सभासदत्वाचा अर्ज छापून ठेवावा. संगमनेरहून आम्ही काही जण भाग घ्यायला येऊ.